जुने रेल्वे फोटो साफ करताना हात कुठे आवरायचा?

सांधेवाला

नमस्कार मंडळी. सार्वजनिक संग्रहांतले जुने रेल्वेचे फोटो उतरवून घ्यायचे आणि संगणकावर साफसूफ करायचे, असा एक नाद सध्या लागला आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीच्या काचेच्या निगेटिव्ह आहेत, त्यातल्या बऱ्याच आठ बाय दहा इंची. त्यांचे स्कॅन कुणालाही फुकट मिळतात आणि इतके बारीक असतात की टेंडरवरचे (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावरचे) रिव्हेट मोजत बसावं.

सध्या हातात घेतलेल्या फोटोत एक वाफेचं इंजिन बाजूने दिसतंय. काच तडकलेली आहे. तडा वरच्या कोपऱ्यातून निघतो, केबिनच्या खिडकीवरून जातो आणि थेट मोठ्या चाकांवर उतरतो. कडांना निळसर चंदेरी झाक आली आहे, आकाशात काळे ठिपके आहेत आणि खाली कुणीतरी हाताने क्रमांक घातला आहे.

हा फोटो मी रेल्वेप्रेमींच्या एका गटावर टाकला. तासाभरात एका सदस्याने तो कुठल्याशा एआय संकेतस्थळातून काढून 'नवाकोरा' करून परत टाकला. वाहवा झाली ती त्याची. मोठा करून पाहिला तर केबिनखालच्या क्रमांकातल्या ३ चा ८ झालेला, खिडकीतल्या फायरमनला छानशी दाढी फुटलेली (मुळात तिथे चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग आहे) आणि मागचे टेलिग्राफचे खांब बिनतारांचे!

तर प्रश्न असा. धूळ, ओरखडे, तडा काढायचा हे ठीक. पण कडेची झाक? हाताने लिहिलेला क्रमांक? हललेली माणसं? हात नेमका कुठे आवरायचा? आणि चाकांवरून गेलेला तडा बुजवायचा कसा, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

निवांत_प्रवासी

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. जाणकार प्रकाश टाकतीलच.

गँगमन

त्या दाढीवाल्याला हजेरीपटावर कुणाच्या नावाने चढवायचं म्हणे?

काचपट्टी

सांधेवाला, धागा चांगला काढलात. निगेटिव्ह हाताळणं हे माझं रोजचंच काम, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

जेपेगवर काम करू नका. संग्रहाची टिफ (तपशील न गमावणारी मोठी फाइल) उतरवा, ती जशीच्या तशी बाजूला ठेवा आणि सगळी दुरुस्ती वरच्या रिकाम्या थरावर करा. हीलिंग आणि क्लोन ही दोन्ही (शेजारचा भाग उचलून डाग बुजवणारी) हत्यारं खालचा थर वाचून वरच्या थरावर रंगवू शकतात, फोटोशॉपमध्येही आणि गिंपमध्येही. उद्या एखाद्या ठिकाणी शंका आली तर तेवढाच तुकडा खोडता येतो, खालचं चित्र शाबूत राहतं.

धूळ काढणारा फिल्टर अख्ख्या फोटोवर फिरवायचा मोह होतोच. फिरवू नका. त्या फिल्टरला धुळीचा कण आणि रिव्हेटचं डोकं यातला फरक कळत नाही, दोन्ही आजूबाजूपेक्षा वेगळ्या उजेडाचे बारके ठिपके. टेलिग्राफच्या तारा त्याला ओरखडे वाटतात. तुमच्या गटावरच्या फोटोतल्या तारा बहुधा अशाच गेल्या असणार.

हाताने साफ करताना रंग बघा. निगेटिव्हवर बसलेली धूळ उजेड अडवते, म्हणून पॉझिटिव्हमध्ये ती पांढरी दिसते. इमल्शनला (काचेवरच्या चित्राच्या थराला) टाचणीएवढं भोक पडलं असेल तर तिथून उजेड आरपार जातो आणि काळा ठिपका उमटतो. म्हणजे तुमच्या आकाशातले काळे ठिपके ही वरवरची घाण नाही, तिथलं चित्रच गेलं आहे. आकाशात बुजवा खुशाल. पण बॉयलरवर ठिपका दिसला की आधी २०० टक्के मोठा करून बघा. रिव्हेट असेल तर एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला सावली असते, शेजारच्या सगळ्या रिव्हेटांवरही ती त्याच बाजूला पडते आणि त्यांच्यात अंतर सारखं असतं. धूळ एवढी शिस्तीची नसते.

स्वतः स्कॅन करणाऱ्यांसाठी आणखी एक. स्कॅनरमधली इन्फ्रारेड धूळसफाई बंद ठेवा. ती रंगीत फिल्मसाठी आहे. कृष्णधवल निगेटिव्हमधलं चित्र चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेडही अडवते. परिणामी यंत्र चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतं.

कडेची झाक म्हणजे इमल्शनमधली चांदी पृष्ठभागावर येऊन बसलेली असते. जिलेटिनच्या जुन्या काचपट्ट्यांवर ती हमखास दिसते. खालचा तपशील सहसा गेलेला नसतो, उजेडाचा तोल बिघडलेला असतो. तिथे ब्रशने काही रंगवू नका, त्या पट्ट्यापुरता मास्क लावून (बाकीचा भाग झाकून) कर्व्ह्जने उजेड-सावली सारखी करा.

हाताने लिहिलेल्या क्रमांकाला मात्र हात लावायचा नाही. संग्रहाच्या वहीतली नोंद त्यावरूनच सापडते. भिंतीवर लावायची प्रत हवी तर कापा, पण वेगळ्या फाइलमध्ये.

उपद्व्यापी

काचपट्टीताई, माहिती एक नंबर. पण थोडा विरोधी सूर लावतो, हलके घ्या.

मूळ काच कपाटात सुरक्षित आहे. तिची टिफ सर्व्हरवर सुरक्षित आहे. आपण खेळतोय ते प्रतीच्या प्रतीशी. मग एवढं सोवळं कशाला? त्या एआयवाल्या फोटोमुळे चार माणसांनी जुनं इंजिन पाहिलं तरी. काळ्या ठिपक्यांची टिफ उघडून कोण बसतो? ज्याला संशोधन करायचंय तो मूळ बघेल की.

निवांत_प्रवासी

उपद्व्यापींशी सहमत. मोबाइलवर बोटाएवढा फोटो बघणाऱ्याला ३ काय आणि ८ काय.

रुळावरची

@उपद्व्यापी, 'मूळ बघेल की' हेच होत नाही ना. चकचकीत प्रत पसरते, तिच्यावर ना संग्रहाचं नाव ना नोंद क्रमांक. वर्षभराने कुणी फोटो शोधायला गेलं की ती आधी सापडते. मग त्या ८ वरून कुणीतरी इंजिनाची कुंडली मांडतो, कारखाना, साल, सगळं दुसऱ्याच इंजिनाचं. क्रमांक हा इंजिनाचा एकमेव पुरावा असतो बऱ्याचदा.

आता चाकं. सांधेवाला, तुमच्याकडचा तो एआय फोटो पुन्हा उघडा आणि मोठ्या चाकांच्या क्रँकपिना (चाकावरचे, दांडे अडकवायचे खुंटे) बघा. एका बाजूची मोठी चाकं जोडदांड्याने एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे त्या बाजूच्या सगळ्या क्रँकपिना एकाच कोनात असायलाच हव्यात. पहिल्या चाकाची खाली असेल तर दुसऱ्याचीही खालीच. पिनेच्या समोरच्या बाजूला आऱ्यांच्या मध्ये चंद्रकोरीसारखं भरीव वजन असतं, तेही त्याच हिशोबाने. एआयने काढलेल्या चाकांत मी हे नेहमी तपासते. एक पिन खाली, दुसरी तिरकी, जोडदांडा मध्येच हवेत संपलेला. ते इंजिन जागेवरून तसूभर हललं नसतं.

म्हणूनच तडा बुजवताना 'शेजारच्या चाकाचे आरे उचलून चिकटवतो' हेही जपून करा. सगळ्या चाकांवरचं वजन सारखं नसतं, मुख्य दांडा ज्या चाकाला लागतो त्याच्यावरचं सहसा मोठं असतं.

गँगमन

म्हणजे एआयने डबल हेडिंग (एका गाडीला दोन इंजिनं) नाही, डबल हेडेक केलंय.

शेवटचा_डबा

मी रंग भरतो जुन्या फोटोंत. कृष्णधवल फोटोतली करड्या रंगाची छटा बघून अंदाज येतोच की. गडद असेल तर काळा किंवा गडद हिरवा, फिकट असेल तर लाल नाहीतर पिवळा. बफर बीम (इंजिनाच्या टोकाची आडवी तुळई) लाल. याला कुणाची हरकत असायचं कारण दिसत नाही.

धूरकांडी

@शेवटचा_डबा, हरकत आहे आणि चांगली तीन कारणं आहेत. बसा निवांत.

एक, जुन्या काचपट्ट्यांना सगळे रंग दिसत नव्हते. १८५१ नंतर आलेली ओली कोलोडियन पट्टी (काचेवरचं रसायन ओलं असतानाच फोटो घ्यायचा) मुख्यतः निळ्या-जांभळ्या उजेडालाच दाद द्यायची. म्हणून तर त्या काळच्या फोटोंत आकाश कोरं पांढरं असतं. पुढच्या ऑर्थोक्रोमॅटिक पट्ट्यांना हिरवा-पिवळा दिसू लागला, लाल मात्र नाहीच. तुमचा लाल बफर बीम तिथे काळाठिक्कर उमटतो. इंग्लंडच्या मिडलंड रेल्वेची इंजिनं गडद किरमिजी, लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नची काळी. ऑर्थो पट्टीवर शेजारी शेजारी उभी केली तरी रंगावरून ओळखणं कठीण. छटेवरून रंग ठरवायचा तर आधी पट्टी कुठली ते ठरवा.

दोन, इंजिन कारखान्यांचे अधिकृत फोटो. नवं इंजिन बाहेर काढायचं, त्याला फोटोपुरता मंद करडा रंग द्यायचा, पट्ट्या काळ्या-पांढऱ्या ओढायच्या, म्हणजे चमक न येता एकूण एक नट दिसतो. फोटो झाला की खरा रंग. असा फोटो बघून 'ही कंपनी करडी इंजिनं चालवायची' म्हणणारे महाभाग भेटले आहेत. एआयला तर हे कळायचा प्रश्नच नाही, तो बिचारा त्या करड्याचा हिरवा करून देतो.

तीन, खुद्द तज्ज्ञांचीही फजिती होते. १० मे १८६९, युटामधलं प्रोमाँटरी समिट, जिथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जुळले. सेंट्रल पॅसिफिकचं 'ज्युपिटर' आणि युनियन पॅसिफिकचं ११९ नंबर समोरासमोर, ए. जे. रसेलने काढलेला तो प्रसिद्ध फोटो. या दोन इंजिनांच्या पूर्ण आकाराच्या, चालणाऱ्या प्रतिकृती १९७९ साली तिथे आल्या. ज्युपिटरला भडक लाल रंग दिला होता. पुढे त्या काळच्या वर्तमानपत्रातलं वर्णन हाती लागलं, त्यात इंजिन निळं. मग प्रतिकृती पुन्हा रंगवली. कोलोडियन पट्टीवर निळा फिकट येतो आणि लाल गडद, हे माहीत असूनही नुसत्या फोटोवरून खात्रीने सांगता आलं नव्हतं.

रंग भरा, पण 'रंग अंदाजे' एवढं खाली लिहा.

शेवटचा_डबा

करड्या रंगाचं माहीत नव्हतं. पण मग रंगांसाठी बघायचं तरी काय? सगळंच अंदाजे म्हटलं तर मजा काय राहिली?

मुक्ता_क

रंगीतच फोटो बघा ना. जॅक डेलानो या छायाचित्रकाराने १९४२-४३ मध्ये अमेरिकी सरकारच्या नोकरीत असताना शिकागोची यार्डं, राउंडहाउस (इंजिनं ठेवायची गोल शेड) आणि सांता फे रेल्वेचा कॅलिफोर्नियापर्यंतचा मार्ग कोडाक्रोम फिल्मवर टिपलाय. आयोवातल्या क्लिंटनच्या राउंडहाउसमध्ये इंजिनं धुणाऱ्या बायका आहेत त्यात. सगळं लायब्ररी ऑफ काँग्रेसवर खुलं आहे. 'काळं' इंजिन किती प्रकारचं काळं असतं ते तिथे दिसतं. कुठे तपकिरी, कुठे तेलकट निळसर, बॉयलरवर पाण्यातल्या क्षारांचे पांढुरके ओघळ. सपाट काळा भरलेला फोटो प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखा का वाटतो ते लगेच कळेल.

आणि थोडं अवांतर, पण विषय निघालाच आहे तर. प्रोकुदिन-गोर्स्की. झारच्या रशियात त्याने रंगीत फोटो काढले ते एकाच लांबट काचपट्टीवर एकाखाली एक तीन कृष्णधवल चित्रं घेऊन: निळ्या, हिरव्या आणि लाल गाळणीतून. त्याच्या वारसांकडून लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्या पट्ट्या १९४८ साली विकत घेतल्या. तिन्ही चित्रांचे स्कॅन मिळतात, घरबसल्या एकावर एक बसवता येतात. पेत्रोझावोद्स्कजवळ मुरमान्स्क रेल्वेवर हातगाडीत बसलेला तो स्वतःही एका फोटोत आहे.

यात गंमत अशी की तिन्ही चित्रं एका क्षणाची नाहीत, एकामागून एक घेतलेली आहेत. रूळ, पूल, खांब तंतोतंत जुळतात. पण धूर, पाणी, हललेला माणूस यांच्या कडेला लाल-हिरव्या-निळ्या झालरी येतात. काही जण त्या पुसून धूर पांढराशुभ्र करतात. मी ठेवते. आधी कुठे होता आणि नंतर कुठे सरकला हे त्या झालरींतूनच दिसतं, वारा कुणीकडून वाहत होता तेसुद्धा.

गँगमन

अवांतर मूळ धाग्यापेक्षा भारी झालंय, संपादक मंडळाने नोंद घ्यावी.

उपद्व्यापी

धूरकांडी, तुम्ही माझाच मुद्दा पक्का केलात. फोटोसाठी इंजिन करडं रंगवायचे, म्हणजे खोटेपणा मुळातच होता. भरीस भर, कारखान्यांच्या फोटोंत इंजिनामागचं सगळं पांढरं दिसतं ते काही धुकं नव्हे. निगेटिव्हवर चक्क रंग फासून मागची शेड, माणसं, सगळं झाकून टाकायचे. कोऱ्या आकाशात दुसऱ्या निगेटिव्हमधले ढग आणून छापणारे छायाचित्रकारही होते. ज्यांनी काढले त्यांनीच एवढे उद्योग केले, मग आपण दोन तारा पुसल्या तर काय आभाळ कोसळलं? 'मूळ' म्हणजे नेमकं कुठलं मूळ?

निवांत_प्रवासी

बिनतोड. आता बोला.

अनामिक_फलाट

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

काचपट्टी

उपद्व्यापी, हा प्रश्न आवडला. मुद्दा खराच आहे, फक्त त्यातून मी उलटं अनुमान काढते.

निगेटिव्हवर फासलेला रंग हाही त्या वस्तूचा इतिहास आहे. कारखान्याला काय दाखवायचं होतं, काय लपवायचं होतं, ते त्यातून कळतं. नीट पाहिलं तर चाकांच्या आऱ्यांमधून, धुराड्याच्या कडेला, ब्रश जरा चुकलेला असतो आणि तिथून मागच्या शेडचा तुकडा डोकावतो. आपला साफसफाईचा फिल्टर नेमका तोच तुकडा डाग समजून पुसतो. त्या काळच्या कारागिराने केलेला बदल आणि परवा एका संकेतस्थळाने केलेला बदल यांना एका मापाने मोजता येणार नाही. पहिला वस्तूवर आहे आणि दिसतो. दुसरा कुठे झाला ते सांगायची सोय नाही.

म्हणून माझा नियम पुसायचं किती यावरून नाही ठरत. पट्टी तयार झाल्यानंतर नुकसानीने जे आलं ते काढायला हरकत नाही: धूळ, बुरशी, तडा, बोटांचे ठसे. पट्टी तयार होताना जे आलं ते ठेवायचं: कोरं आकाश, हललेली माणसं, फासलेला रंग, कोरलेला क्रमांक. आणि जे मुळात नाहीच ते आणायचं नाही.

हललेल्या माणसांबद्दल सांधेवालांनी विचारलं होतं. कोलोडियनच्या काळात कॅमेऱ्याची उघडझाप काही सेकंदांची असायची. इंजिन उभं केलेलं, माणसांना 'हलू नका' सांगितलेलं, तरी कुणीतरी निघून जाई. त्याचे बूट तेवढे स्पष्ट आणि वरचा देह पारदर्शक, मागचे रूळ आरपार दिसतात. एआय अशा माणसाला एक तर पुसतं नाहीतर अख्खा माणूस बनवतं. दोन्ही वाईट. पारदर्शक ठेवा त्याला.

रुळावरची

+१. आणि मूळ कुठलं याचं रोजचं उदाहरण म्हणजे पॅरिसच्या मॉंपारनास स्थानकाची भिंत फोडून खाली लोंबणारं इंजिन. २२ ऑक्टोबर १८९५, ग्रानव्हिलहून आलेली गाडी, इंजिन क्रमांक ७२१. गाडीतले वाचले आणि खाली रस्त्यावर एका बाईचा जीव गेला. जालावर हा फोटो शेकडो ठिकाणी आहे, बहुतेक ठिकाणी पुस्तकात छापलेल्या चित्राचं स्कॅन, त्याची पुन्हा प्रत. मोठा केला की छपाईची जाळी दिसते. त्यात प्रसंग एक पण फोटो अनेक, वेगवेगळ्या कोनांतून वेगवेगळ्या वेळी काढलेले, आणि सगळ्यांना एकच समजलं जातं. साफ करायला बसण्याआधी संग्रहाचं पान गाठणं हे निम्मं काम.

नवखा_हमाल

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. असे फोटो साफ करून आपल्या पानावर टाकले तर कायद्याची काही भानगड?

धूरकांडी

स्वागत! फोटोगणिक वेगळं उत्तर. डेलानोसारख्यांचे फोटो अमेरिकी केंद्र सरकारच्या नोकरीत काढलेले, त्यांच्यावर तिथे प्रताधिकार लागूच होत नाही. जुन्या फोटोचा हुबेहूब स्कॅन केला म्हणून स्कॅन करणाऱ्याला नवा हक्क मिळत नाही, असं न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९९ साली ब्रिजमन विरुद्ध कोरेल या खटल्यात म्हटलं. युरोपीय संघानेही २०१९ च्या निर्देशात मुक्त झालेल्या चित्रांच्या प्रतींबद्दल साधारण तेच धोरण घेतलं. पण प्रत्येक संग्रहाच्या वापराच्या अटी वेगळ्या असतात आणि देशागणिक कायदाही. फोटोच्या पानावर हक्कांची एक ओळ असते, ती वाचल्याशिवाय उतरवू नका.

नवखा_हमाल

धन्यवाद. भारतातल्या रेल्वेचे असे खुले फोटो आहेत का कुठे?

मुक्ता_क

आहेत. विल्यम हेन्री जॅक्सन हा अमेरिकी छायाचित्रकार १८९४ ते १८९६ या काळात वर्ल्ड्स ट्रान्सपोर्टेशन कमिशनबरोबर वाहतुकीची साधनं टिपत आशियाभर फिरला, त्यात भारतही आहे. ते फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्येच आहेत.

धूरकांडी

भर घालतो. तारीख नसलेला फोटो हाती आला तर स्थळ मदत करतं. खंडाळ्याच्या बोरघाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन १८६३ ला घाट खुला झाल्यापासून १९२९ पर्यंत वापरात होतं. तिथे इंजिन दिशा बदलताना दिसलं की वर्षाच्या दोन्ही हद्दी आपोआप मिळाल्या. नाव-गाव नसलेल्या फोटोंसाठी फ्लिकर कॉमन्सवर (संग्रहांनी खुले फोटो ठेवलेल्या संकेतस्थळावर) वाचकांच्या टिप्पण्याही चाळा. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये तिथे फोटो टाकायला सुरुवात केली आणि ठिकाणं, तारखा ओळखून देणारी हौशी मंडळी तुटून पडली.

सांधेवाला

मंडळी, धागा कुठच्या कुठे पोचला. वाचून मजा येतेय, पण माझा तडा अजून तिथेच आहे!

काचपट्टी

सॉरी, तो राहिलाच.

तडकलेल्या काचेत लोक लगेच ब्रश घेऊन रेघ बुजवायला बसतात. आधी तड्याच्या दोन्ही बाजू जुळतात का बघा. काच फुटली की दोन तुकडे होतात आणि स्कॅनरवर ठेवताना ते केसभर सरकलेले किंवा किंचित फिरलेले असतात. तड्याला छेदणारी एखादी सरळ रेघ घ्या: रूळ, बॉयलरच्या बाजूची चालण्याची फळी, टेलिग्राफची तार. तिच्या कडेला एक मार्गदर्शक रेषा लावा. तड्यापलीकडे ती रेघ दोन-तीन पिक्सेल वर किंवा खाली गेली असेल तर तुकडा सरकलेला आहे.

मग तड्याच्या बरोबर मधून निवड करा, लहान तुकडा वेगळ्या थरावर काढा आणि सरकवून, किंचित फिरवून जुळवा. एका रेघेवर विसंबू नका, एक आडवी आणि एक उभी अशा दोन तरी घ्या. तुमच्या फोटोत चाकाचा परीघ सर्वात उपयोगी. चाक गोल असलंच पाहिजे, त्यावर वर्तुळाचा पाथ ठेवून दोन्ही तुकडे त्यावर बसवा (कॅमेरा अगदी समोर नसेल तर लंबवर्तुळ). जुळलं की जाडजूड दिसणारा तडा बारीक केसाएवढा उरतो. तेवढा त्याच आऱ्याच्या वरच्या-खालच्या भागातून क्लोन करायचा, ब्रश आऱ्याच्या दिशेनेच ओढायचा. दुसऱ्या चाकाकडे जायची वेळच येत नाही.

तड्याच्या काठाने इमल्शनचा पापुद्रा उडालेला असेल तर तिथे काहीच शिल्लक नसतं. मोठी जागा असेल तर मी ती शेजारच्या छटेचा सपाट करडा देऊन सोडते.

सांधेवाला

करून पाहिलं. खालचा तुकडा खरंच फिरलेला होता, अंशाच्या काही दशांशाने. चाकावर वर्तुळ ठेवल्यावरच कळलं. जुळवल्यावर आऱ्यांवर जेमतेम रेघ उरली. केबिनच्या खिडकीजवळ मात्र इमल्शन गेलंय आणि ते नेमकं क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याला खाऊन गेलंय. मधला ३ स्पष्ट आहे, शेवटचा ० आहे की ६ ते सांगता येत नाही.

उपद्व्यापी

टाका की शून्य. गोल दिसतोय ना?

रुळावरची

नाही! सांधेवाला, ती पट्टी कुठल्या क्रमांकाची आहे? डेट्रॉइटच्या छायाचित्रकाराने एका ठिकाणी बऱ्याचदा एकापेक्षा जास्त पट्ट्या घेतल्या. आगेमागे क्रमांकाच्या नोंदी बघा. तेच इंजिन दुसऱ्या कोनातून सापडलं तर टेंडरवर किंवा पुढच्या दिव्यावर क्रमांक असेल. आणि पट्टी उलट बाजूने स्कॅन झालेली नाही ना, हेही एकदा अक्षरं वाचून खात्री करा.

सांधेवाला

अक्षरं सुलटी आहेत. पुढच्याच नोंदीत तीच शेड आणि तेच सिग्नल आहेत, इंजिन तिरकं उभं. दिव्याच्या बाजूवर शेवटचा आकडा ६ दिसतोय. पण ते हेच इंजिन की त्याच वर्गातलं दुसरं, ते ठरवायचं कसं?

धूरकांडी

बारीक खुणा बघा. टेंडरवरचे पोचे, धुराड्याच्या टोपीचा आकार, घंटा आणि वाळूचा डबा यांच्यातलं अंतर. एका वर्गाची इंजिनं कारखान्यातून सारखी निघतात, पण पोचे प्रत्येकाचे वेगळे.

सांधेवाला

टेंडरच्या मागच्या कोपऱ्याला दोन्हीकडे तोच चेपलेला भाग आहे, शिडीच्या दुसऱ्या पायरीच्या बरोबर वर. तरीही चित्रात आकडा भरत नाही, जागा करडीच ठेवतो. वर्णनात लिहितो की शेजारच्या पट्टीवरून ६ असावा.

काचपट्टी

उत्तम. विकिमीडिया कॉमन्सवर टाकणार असाल तर मूळ स्कॅनवर चढवू नका, वेगळ्या नावाची फाइल करा. काय काय बदललं ते लिहायला तिथे 'रिटच्ड पिक्चर' असा साचाच आहे.

उपद्व्यापी

एवढं वर्णन कोण वाचणार, हा माझा प्रश्न अजून कायम आहे. पण माझ्याकडे राउंडहाउसचे काही फोटो आहेत एआयने केलेले, त्यांच्याखाली काय लिहू? दोन ओळींच्या वर जमणार नाही.

काचपट्टी

दोन पुरेत. पहिल्या ओळीत संग्रहाचं नाव, नोंद क्रमांक आणि मूळ स्कॅनचा दुवा. दुसरीत 'एआयने तपशील भरले आहेत, क्रमांक आणि चेहरे विश्वासार्ह नाहीत'.

उपद्व्यापी

दुसरी ओळ जरा लागते हो. पण टाकतो.